तेवीस माणसांची सावड

१२ मे

आजपासून इथं. राजूरच्या पुढं चौदा किलोमीटर. त्यातले शेवटचे तीन रस्ता म्हणायच्या लायकीचे नाहीत. टेम्पोवाल्यानं कपाट चढणीखाली उतरवलं आणि म्हणाला, "म्याडम, ह्येच्या म्होरं गाडी न्हाई जात." नाही तर नाही! गेला निघून. कपाट अजून खालीच आहे.

आमच्या ह्यांनी — शांतवन, वय बासष्ट, नोकरीतून निवृत्त, अक्कल अजून रुजू व्हायची आहे — फंडाचा सगळा पैसा ह्या डोंगरात घातला. राजूरच्या एका दुकानदाराकडून जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या. पाहुणे येतील, काजवे बघतील, धबधबे बघतील, आपल्याला भाडं देतील. देवळाली प्रवऱ्यात दारात नळ होता, समोर चर्च, मागं बाजार. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं ते ह्यासाठी?

१५ मे

तीसेक घरं. सगळे बघतात, बोलत कुणी नाही. दूध घालायला येते ती बायडाबाई, तिला मी "नमस्कार" म्हटलं तर तिनं तोंडाला पदर लावला. हसत होती. कशाला ते तिचं तिला माहीत.

पाण्याची मोटर आज तिसऱ्यांदा बंद.

१८ मे, रविवार

चर्च नाही. घरीच प्रार्थना केली. ह्यांनी मोठ्यानं पाऊसपाणी, पाहुणे असं सगळं मागितलं. मी मनात एकच मागितलं, इथून सुटका.

आता नवीन. खोल्यांच्या खालची माती सुटतेय. दगडी बांध घातला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात अंगण खाली जाणार आणि मागोमाग खोल्या. राजूरचा गवंडी फोन उचलत नाही. शेजारी बन्सी म्हणून म्हातारा आहे, गाव त्याचं ऐकतं. तो ह्यांना म्हणाला, "येतो आमी मंगळवारी. जेवनाचं तेवढं बघा." किती घेणार ते विचारलंत का, म्हटलं. नाही! हे कधी काही विचारत नाहीत.

२० मे

तेवीस माणसं आली. बाया धरून. मी मोजली. ऊन चढायच्या आत पहारी, टोपल्या घेऊन हजर. चार वाजता बांध उभा. खरं ते लिहायला हवं — काम चोख. एक दगड हलत नाही. मी भात आणि कोंबडीचा रस्सा केला होता, पातेलं पुसून खाल्लं सगळ्यांनी.

मग मी पाकिटं वाटली. तेवीस. प्रत्येकात दिवसाची मजुरी, बायांना पुरुषांइतकीच. माझे पणजोबा पाटलाच्या वाड्यावर फुकट राबले. लाकडं फोडा, सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा. हाक आली की हातातला घास टाकून जायचं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे. फुकट राबायचं नाही, कुणाला फुकट राबवायचं नाही. आजोबांनी पाळला, वडिलांनी पाळला, मी पाळते.

आणि ह्या लोकांनी काय करावं? पाकिटं ओट्यावर ठेवून दिली, एकावर एक. छगन म्हणून एक आडदांड गडी आहे, सगळ्यात मोठे दगड त्यानंच उचलले. त्यानं तर पाकीट उघडूनही बघितलं नाही. "ऱ्हाऊ द्या बाई," म्हणाला आणि चालता झाला.

कमी पडले असणार. स्पष्ट सांगायला काय जातं?

२१ मे

प्रत्येक पाकिटात शंभर वाढवले आणि ह्यांना घरोघर पाठवलं. तेवीसच्या तेवीस घेऊन परत आले. तोंड एवढंसं. "तू काहीतरी चुकतेयस," म्हणाले. काय चुकतेय ते सांगता येत नाही. मग बोलू नये माणसानं.

२९ मे

दूध बंद. "म्हस आटली," बायडाबाई म्हणाली. परवा दोन लिटर देत होती, एका रात्रीत आटली!

२ जून

अंडी बंद. कोंबड्यापण आटल्या वाटतं.

७ जून

पहिले पाहुणे. एडविननं — आमचा मुलगा, पुण्याला असतो — त्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब काजवे बघायला पाठवलं. काजव्यांची झाडं दाखवायला गावातला एक माणूस मिळेना. छगनला विचारायला मी स्वतः गेले. "काम हाय," म्हणाला. बाजेवर लोळत सांगतो काम हाय! शेवटी हेच घेऊन गेले आणि वाट चुकले. काजवे राहिले बाजूला, त्यांची लेक चिखलात पडली. सकाळी चहा घेऊन गेले पाहुणे. पुन्हा येतो म्हणाले नाहीत.

मला कारण कळलंय. दारावरचा क्रूस. दुसरं काय असणार? ह्यांना म्हटलं तर म्हणतात, "बांध घालायला आले तेव्हा काय क्रूस नव्हता?" वाद घालायला बरं सुचतं.

१५ जून

विकायचं. ठरलं. एडविनही हो म्हणाला. संगमनेरचे आबासाहेब म्हणून एक हॉटेलवाले आहेत, त्यांना डोंगरात जागा हवीच आहे. जुलैत बघायला येतील. आमचा घातलेला पैसा निघेल, जास्त नको. हे बांधावर जाऊन बसले, भिजत.

२८ जून

बायडाबाई आली. नातीच्या शाळेचा अर्ज भरून हवा होता. भरून दिला. मी शिक्षिका आहे, भांडणापायी पोरीचा अर्ज अडवणार नाही. पण विचारलं तोंडावर — काय वाकडं केलं आम्ही तुमचं?

उंबऱ्यात बसली. म्हणाली, "आमी सावडीनं आल्तो. तुमी मजूर केलं आमाला."

सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या कामाला, उद्या तुम्ही आमच्या. पैसे हातावर ठेवले की झालं, फिटलं. उद्या यायला नको, ओळख द्यायला नको. आणि मी तर वर शंभर वाढवून पाठवले! म्हणजे सुटायची किती घाई! "ल्हान पोराला बी कळतंय ह्ये," वर हे ऐकवलं मला.

मग मीही सोडलं नाही. पणजोबांचं सगळं सांगितलं. फुकट राबणं काय असतं ते मला शिकवू नकोस, म्हटलं. तिनं मग विचारलं, "त्यो पाटील कदी आल्ता का तुमच्या पनज्याच्या वावरात राबाया?"

पणजोबांना वावरच नव्हतं, म्हटलं. आणि असतं तरी पाटील कशाला येतोय?

"मंग ती सावड न्हवं, बाई." अर्ज पिशवीत घातला आणि गेली.

छत्तीस वर्षांत मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. दिवसभर राग होता. अजून आहे.

३ जुलै

आता कळून उपयोग काय? आबासाहेबांचा फोन आला. तेराला येतात.

९ जुलै

भाताची आवणी सुरू झाली. हे पहाटेच बायडाबाईच्या खाचरात! मला न सांगता! गुडघे गेलेला माणूस! दहा वाजता गावातली एक पोरगी सांगत आली, घसरले, पाय मुरगळला. मी गेले ती ओरडायलाच. बांधावर बसवलं, पाय बांधला, पोटभर बोलले. आणि बघते तर ह्यांची रोपांची ओळ अर्ध्यात सोडलेली.

अर्धवट काम मला बघवत नाही, हा माझा रोगच आहे. पदर खोचला आणि उतरले. कंबर गेली कामातून. माझी ओळ सापासारखी वाकडी. बाया हसल्या, एकीनं माझी रोपं उपटून पुन्हा नीट लावली, माझ्यादेखत. एकोणसाठाव्या वर्षी शेरा मिळाला मला! दुपारी नागलीची भाकरी आणि बोंबलाची चटणी. बरी होती. आभार वगैरे कुणी मानले नाहीत.

१० जुलै

छगनकडे गेले. ह्यांचा पाय सुजलाय म्हणून मी. कुणाचं अंगावर ठेवून जायचं नाही, एवढंच. आबासाहेब येईपर्यंत होईल तेवढं. छगन दिवसभरात एकदाच बोलला — "लई खोल दाबताय. रोप गुदमरंल."

११ जुलै

उठता येत नाही. आज नाही गेले.

१३ जुलै, रविवार

आबासाहेब आले. पांढरी गाडी चढणीखाली लावली. वर पोचेपर्यंत गावानं त्यांना गाठलं होतं. मी चहा टाकायला आत गेले तर बन्सी, बायडाबाई, छगन सगळे अंगणात. शब्दन् शब्द ऐकला मी. झरा होळीलाच आटतो. खोटं! बिबट्या ओट्यावर येऊन बसतो. खोटं! आणि बांध कच्चा हाय, ह्या पावसात जातोय का पुढच्या, एवढंच बघायचं — हे छगन म्हणाला. ज्यानं स्वतःच्या हातानं घातला, तो!

आबासाहेब चहाला थांबले नाहीत. "कळवतो" म्हणाले. असं म्हणणारे कळवत नसतात.

इतकी दुष्ट माणसं? नांदू द्यायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही! मी बन्सीला नको नको ते बोलले. बापाच्या वयाचा माणूस. ऐकून गेला. हे लंगडत त्याच्या मागं गेले, माझ्या बाजूला थांबले नाहीत. मग मी रडले. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

फंड गेला. जागा विकत नाही. आता मरेपर्यंत इथं.

१४ जुलै

साडेपाचला दार वाजलं. बायडाबाई, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मी विचारलं, का घालवलंस माझं गिऱ्हाईक? वेड्या बाईकडं बघावं तशी बघत राहिली माझ्याकडं.

"तेवीस जन आल्तो आमी. तुमची दोन फिटली. एकवीस ऱ्हायल्यात — आन् तुमी चालल्या कुटं? चला, बन्सीच्या खाचरात पानी भरलंय."

हे पेटीतून माझी जुनी साडी काढून देतायत. निघते.