आता भांडता येईल

मंगळवार, संध्याकाळ. इल्फर्ड, लंडन

सुटलो! शेजारच्या सुनंदामावशींची तक्रार कौन्सिलने मान्य केली. त्यांची मुलगी सई फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे कौन्सिलने ठरवलेल्या दुसऱ्या कुटुंबात राहते. मावशी तिला आठवड्यातून एकदाच भेटतात, आणि तिथे देखरेखीच्या बाईला कळावं म्हणून इंग्रजीतच बोलायची सक्ती. मावशींना इंग्रजी धड येत नाही. नुसती तिची वेणी घालून परत यायच्या.

पत्र मी लिहिलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट! हक्कांवर चार पानं. शेवटी सगळं खोडून मावशींचंच वाक्य ठेवलं: "मी गप्प बसले की पोरीला वाटतं, आई रागावली." माझ्या चार पानांत हे का नव्हतं?

आजच्या भेटीत पहिल्यांदाच दुभाषी होती, म्हणून दोघींना मराठीत बोलता आलं. मावशींचा बसमधून फोन, हसू आवरत नव्हतं. "अगं, वेणी घट्ट झाली म्हणून सई भांडली माझ्याशी!"

म्हणजे इतके दिवस घट्ट वेणीही मुकाट सोसली पोरीने. आता नाही सोसणार.