रुईफुली काठाचं लुगडं

अण्णा, एका लुगड्याचा रंग सापडला. हे सांगावं असे तुम्हीच होतात, म्हणून लिहायला बसले. परतूरचं आपलं फोटोचं दुकान केव्हाच उठलं. मी आता नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, जुने काळे-पांढरे फोटो कॉम्प्युटरवर रंगवून देते. हसू नका. जिच्या हातातला ब्रश तुम्ही हिसकावून घेतला होता, तीच ही तुमची पोरगी. नऊ वर्षांची होते. एका बाईच्या फोटोत मी माझ्याच मनानं हिरव्या बांगड्या भरल्या आणि ती बाई निघाली विधवा. तुम्ही कापसाच्या बोळ्यानं एकेक बांगडी पुसताय आणि माझ्याकडं न बघता म्हणताय, "विचारल्याबिगर रंग लावायचा न्हाई. माहीत न्हाई ते तसंच सोडायचं. बराबर?" मी बराबर म्हणाले आणि मागच्या दारात जाऊन रडले. फार राग आला होता तुमचा.

महिन्याभरापूर्वी परतूरकडच्या खेड्यातून साठीची एक बाई आली. हातात तिच्या आईचा फोटो, मागं आपल्या दुकानाचा शिक्का. ही वर्षाची असतानाच आई वारलेली. "चेहरा हाय हो, पर रंग कुणाला इचारू? बा गेला, आज्जी गेली. नातीच्या लग्नात देवाजवळ मांडायचाय. माय खरी दिसली पाह्यजे." मी फोटो पुन्हा उलटा केला. रंगवायचा फोटो असला की तुम्ही मागं पेन्सिलीनं रंग लिहून ठेवायचात. हा रंगवायला दिलेलाच नव्हता, त्यामुळं मागं काही नाही. तरी तुमच्यावर चिडले, खरं सांगते. ते लुगडं तुम्ही समोर उभं राहून बघितलं, आणि दोन शब्द तुमच्यानं लिहवले नाहीत!

कॉम्प्युटरनं एका झटक्यात लुगडं निळं करून टाकलं. त्याला काय, तो कुणालाही निळं नेसवतो. मी हिरवं करून बघितलं, मंग लाल. फोटोतल्या करड्यावर दोन्ही बिलकुल सारखेच बसतात. बाई हिरव्याकडं बघून "चांगलं हाय" म्हणाली, पण परक्या घरचा फोटो बघावा तशी बघत होती. शेवटी विचारलं, मावशी, आईचं एखादं कापड तरी राह्यलंय का घरात? "लुगडं कुठलं राह्यतंय बाई, आज्जीनं समदे गोधडीत घातले," असं म्हणाली आणि तशीच उठून एसटी स्टँडकडं निघाली. दुसऱ्या दिवशी एसटीनं गोधडी घेऊन हजर! वरचे तुकडे ऊन आणि धुणं खाऊन पांढुरके पडलेले. एका तुकड्याच्या काठावर मात्र रुईफुलं होती. भिंगातून फोटोतला काठ बघितला, तीच. "उसव," ती म्हणाली. माझा हात होईना, तर तिनंच ब्लेड घेऊन चार टाके काढले. आत दुमडलेलं दोन बोटं कापड, ज्याला कधी ऊन लागलंच नव्हतं. डाळिंबी होतं, अण्णा! तिनं त्यावर बोट ठेवलं. "डाळिंबी नेसल्तीस व्हय गं माय," असं म्हणून हसली आणि मग रडली. मीही रडले, लपवत नाही.

आज ती फोटो न्यायला आली. लुगडं डाळिंबी, बांगड्या मात्र तुमच्या शिस्तीप्रमाणं करड्याच ठेवलेल्या. "ह्या कामून राह्यल्या?" मी म्हणाले, रंग माहीत नाही. "आगं, बा जिता असताना गेली माझी माय. हिरव्याच असतील. भर की जल्दी." भरल्या. तिनं फोटो पिशवीत घातलाच नाही, दोन्ही हातांत धरून रिक्षात बसली.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवतेय. तिथं त्याच फोटोची आणखी एक प्रत आहे, कुणाला न दाखवलेली. तिच्यात मी आठ दिवस आधीच हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. विचारल्याबिगर.