डब्यावरची अक्षरं

अण्णा, आज शेवटी जमलं. पाच शुक्रवार लाकूड जाळत होते. तळघरात अजून होमाचा वास कोंडलाय आणि तुमचा जावई जिन्यावरून विचारतोय, "अगं, झालं का? की अजून एक पोळपाट स्वाहा?"

आधी यंत्राचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कशाबद्दल बोलतेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आता २००८ साल आहे, आणि इथे मिशिगनमध्ये, नोव्हायच्या आमच्या घरात एक खोकं आलंय, शिवणयंत्राच्या पेटीपेक्षा जरा मोठं. त्यातला लेझरचा किरण कागदावरचं चित्र लाकडावर भाजून उमटवतो. त्याची नळी तापू नये म्हणून शेजारी पाण्याची बादली, धूर जायला खिडकीतून बाहेर काढलेला पाइप. हौशी लोकांसाठीचं स्वस्त यंत्र, सोबत धड माहितीपुस्तकही नाही. गाड्यांचा धंदा बसलाय, ऑफिसने आम्हाला दर शुक्रवारी बिनपगारी सुट्टी दिलीय, म्हणून मला वेळ आहे. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: किरणाची ताकद किती ठेवायची आणि तो किती वेगाने सरकवायचा.

पहिल्या दिवशी मी जी चूक केली ती तुमच्याच लेकीला शोभेल. यंत्रात सरळ स्टीलचं ताट ठेवलं. नाव घालायचं म्हटलं की ते भांड्यावर, दुसरीकडे कुठे घालतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ताकद वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यापर्यंत नेली. ताट मख्ख, साधा ओरखडा नाही. इतक्याशा किरणाचं स्टीलपुढे काही चालत नाही, हे मागून वाचलं. त्या ताटाकडे बघून मी एकटीच हसत सुटले, आणि मग तुमची बोटभर हातोडी आठवून रडू आलं.

सांगलीत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही बसलाय. मांडीवर पोत्याची घडी, तिच्यावर कुणाच्या तरी लग्नातला पेला. छिन्नीचं टोक टेकतं, हातोडी पडते, एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर होतं, आणि प्रत्येक ठिपका तेवढाच खोल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेली, अंगात नवं शहाणपण मावत नाहीये. किती जोर लावला तर किती खोल जाईल याचं गणित मांडता येतं, असं मी तुम्हाला शिकवते आणि छिन्नी ओढून घेते. तिसऱ्या घावाला पेल्याला आरपार भोक. गिऱ्हाईक समोर उभं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "जोर पण आणि घाई पण? पत्रा बघितलास का किती पातळ आहे?" मग आपल्या घरातला पेला आणून त्यावर नाव घालून दिलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चूक माझी, आणि फुगून बसले तीही मीच.

आता तुमची नात ऑगस्टमध्ये कॉलेजला निघालीय. सामान आवरताना तिला कपाटाच्या तळाशी तुमचा डबा सापडला. माझ्या लग्नात दिलेल्या भांड्यांवर तुम्ही रात्रंदिवस बसून एकच ओळ घातली होती, 'लेकीस, अण्णांकडून'. त्यातला हा एक. ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "वेट, आजोबा डिड धिस बाय हँड? ऑल ऑफ इट? आई, आय वॉन्ट दॅट. माझ्यासाठी पण कर ना." पोळ्या ती लाटणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरी पोळपाट करायचं ठरलं. डब्यावर कागद धरून शिसपेन्सिलीने घासलं, अक्षरं उमटली, ती कॉम्प्युटरवर घेतली.

आणि मग पाच आठवडे तुमचे ठिपके माझ्या हाताला लागेनात. ताकद जास्त ठेवली की ठिपके एकमेकांत वितळून काळी रेघ व्हायची. कमी केली तर पुसट डाग. वेग कमी केला की लाकूड पेटायचंच. "मॉम, इट्स बर्निंग अगेन!" असं ओरडत लेक स्प्रेची बाटली घेऊन धावायची. शेवटी एका फळीवर छोटे छोटे चौकोन भाजले, आडवा वेग, उभी ताकद, प्रत्येकाखाली आकडे लिहिले. गणितच मांडलं, अण्णा, सवय जात नाही. पण आज त्या फळीकडे बघताना तुमचा हात डोळ्यांपुढे आला. कठीण भांडं असलं की तुम्ही सगळं नाव आधी हलकं घालायचात, मग पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून. मी ताकद चौथाईवर आणली, वेग वाढवला, आणि पोळपाट न हलवता किरण दोनदा फिरवला. ठिपका ठिपका सुटा उठला. तुम्ही आत्ता इथे हवे होतात. फार हवे होतात.

लेकीने पोळपाट उजेडात धरला. "इट्स सो शार्प! जसं काही काल केलंय." मी मान वळवली. अक्षरं इतकी स्वच्छ का उमटली ते मला माहीत होतं.

तुम्ही फोनवर दर वेळी विचारायचात, "भांडी वापरतेस ना? अक्षरं झिजली असतील आता. येताना घेऊन ये, पुन्हा घालून देतो." मी म्हणायचे, "हो अण्णा, रोज वापरते." विमानात वजन होतं म्हणून ती मी सासरी माळ्यावर ठेवून आले होते. सासरच्यांनी घर बदललं तेव्हा विचारलं, काय करायचं? मी इथूनच सांगितलं, मोडीत घाला. तुम्ही तेव्हा होतात. त्यानंतरही तीन वर्षं मला फोनवर तेच विचारत होतात, आणि मी तेच उत्तर देत होते. हा डबा तेवढा वाचला, कारण आमच्या पासपोर्टच्या झेरॉक्स ठेवायला तो मी सोबत आणला होता.

लेकीला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्रही पाठवायला पत्ता नाही, म्हणून डब्यातच ठेवणार होते. पण मघाशी झेरॉक्स काढून टाकल्या, डबा धुतला आणि त्यात साखर भरली. अण्णा, तुमची अक्षरं झिजलेली नाहीत. एक टिंबसुद्धा नाही.