पत्र्याच्या पाठीतली ओळ

नाना, तुमच्या दुकानातली पाटी मला अजून पाठ आहे, कारण तुम्ही ती रंगवत होता तेव्हा रंगाचा डबा धरून मी शेजारी उभी होते. 'रेडिओ वापरात नसल्यास सेल काढून ठेवावेत.' पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं. गिऱ्हाईक रेडिओ न्यायला आलं की तुम्ही हेच तोंडी बजावायचात, "सेल काढून ठिवा, न्हाईतर आतून खाऊन टाकतोय." राहात्याच्या बाजारपेठेत तुमचा शब्द लोक मानायचे. ही सूचना तुम्ही स्वतःच्या घरात पाळली नाहीत, आणि त्याचा दोष बावन्न वर्षं माझ्या नावावर राहिला. हे मला गेल्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे तोंडावर सांगायची सोय नाही. म्हणून लिहिते आहे.

मी आता काय करते तेही सांगते, कारण तुमच्या डोळ्यांसमोर मी कचेरीत फायली लावणारी बाई एवढीच होते. निवृत्त झाले आणि केडगावच्या घरात जेवणाच्या टेबलावर जुनी खेळणी दुरुस्त करायला लागले. पत्र्याचे, सेलवर चालणारे यंत्रमानव. पुण्याचे एक गृहस्थ ते जमवतात. त्यांचा एक नीट करून दिला, त्यांनी आणखी चौघांना सांगितलं, आणि आता कुरियरनं खोकी येतात. बहुतेकांचा रोग एकच. कुणीतरी सेल आत ठेवून विसरलेला असतो. तो गळतो, सेलला टेकणाऱ्या पितळी पट्टीवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखा थर चढतो आणि पितळ पोखरून जातं. जुन्या सेलचं पाणी आंबट असतं, त्याला खाण्याचा सोडा लावायचा. नव्या अल्कलाईन सेलला उलट व्हिनेगर. मग दात घासायच्या ब्रशनं घासायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, पट्टी गेलीच असेल तर जुन्या स्विचमधली पितळी पट्टी कापून बसवायची. यातलं तुम्ही मला काही शिकवलेलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मी जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांचं. तुमची एक सवय मात्र मी जशीच्या तशी घेतली. उघडलेल्या प्रत्येक सेटच्या झाकणाच्या आत तुम्ही पेन्सिलीनं तारीख आणि बिघाड लिहायचात. "उद्या दुसऱ्यानं उघडला तर त्याला कळाया नको का, काय झालं हुतं ते," असं म्हणायचात. मीही लिहिते.

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ आला. त्याच्याकडे भिंतीवर नवं टीव्हीचं कपाट बसलं, म्हणून तुमची काचेची शोकेस रिकामी झाली. त्यानं पिशवीतून पत्र्या, आपला तो शोकेसमधला यंत्रमानव, बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"घे ताई. तुझा गुन्हा आणलाय."

"माझा?"

"मग कुणाचा? तूच मोडलास, तूच जोड. आता तर लई मोठी डॉक्टरीण झालीस म्हणे यांची."

"सेल कुठंत याच्यातले?"

"नव्हतेच. मी कशाला काढू? मला त्याचं झाकणबी उघडत न्हाई."

खरंच उघडत नाही. ज्याच्या हातात पकड कधी नीट बसली नाही, त्याला तुम्ही दुकान दिलंत. तिथे तो आता मोबाईलची कव्हरं विकतो. सुखी आहे. तक्रार त्याच्याबद्दल नाही.

पत्र्या आपल्याकडे कसा आला हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात. साखर कारखान्यावर यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर आला होता. त्याचा रेडिओ तुम्ही नीट करून दिला आणि जाताना त्यानं तुमच्या मुलांसाठी म्हणून हा दिला. मुलांसाठी. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "पोरासाठी दिलाय." आणि पोरालाही दिला नाहीत. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शोकेसमध्ये उभा केलात, लग्नातल्या चांदीच्या करंड्याशेजारी. सेल कायम आत. कधीही कुणी आलं तर लगेच चालवून दाखवता यावा म्हणून. पाहुणे चहा घ्यायचे, तुम्ही पिशवी काढायचात, पत्र्या चटईवर सात-आठ पावलं टाकायचा, छातीतला लाल दिवा लागायचा, पाहुणे "आयला" म्हणायचे, आणि तो परत पिशवीत जायचा. आम्ही दोघं भिंतीला टेकून बघायचो.

मी बारा वर्षांची आहे. दिवाळीला चार दिवस आहेत, आई मागच्या दारी चकल्या तळते आहे, तुम्ही दुकानात. मी शोकेस उघडते, तुमचा लहान स्क्रू ड्रायव्हर घेते. मला एवढंच बघायचं आहे की एकाच मोटारीवर दोन पाय आळीपाळीनं कसे हलतात. पाठीचा पत्रा कडेच्या चार वाकवलेल्या जिभांनी अडकवलेला आहे. तीन सरळ होतात, चौथी तुटते. आत बघते. एक लहान चाक, त्यावर बाजूला बसवलेली खुंटी, खुंटीवरून पायाची दांडी. मला कळतं. कुणी न सांगता, आपोआप कळतं. सेलच्या खाचेत पांढरी भुकटी दिसते, रांगोळी सांडल्यासारखी. ती मी फ्रॉकनं पुसते. पाठ बंद करते, बटण दाबते. तो तीन पावलं चालतो. तीन. मग मी घाबरून बंद करते आणि पिशवीत घालून जागेवर ठेवते.

भाऊबीजेला मामा सगळ्यांना घेऊन आला. तुम्ही पिशवी काढलीत, बटण दाबलंत, काही नाही. पुन्हा दाबलंत. उलटा केलात आणि तुटलेली जीभ दिसली. तुम्हाला विचारावंही लागलं नाही, मी उभी होते तिथेच रडायला लागले. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर आतापर्यंत विसरले असते. तुम्ही मामाकडे बघून म्हणालात, "आमच्या हिनं उघडला. इंजिनेर व्हायचंय तिला."

मामा म्हणाला, "मंग चपात्या तरी गोल लाटती का, का त्याबी उघडून बघती?"

सगळे हसले. आईही हसली. मी म्हणाले, "नाना, मी पाठ बंद केल्यावर तो चालला होता. तीन पावलं चालला होता."

"खोटं बोलू नगं," तुम्ही म्हणालात. "एक तर मोडायचं, वर खोटं बोलायचं."

त्या दिवसापासून माझ्या हाताला यश नाही हे घरात ठरून गेलं. कंदिलाची काच तडकली, मी. शिलाई मशीनचा पट्टा सुटला, मी. तुम्ही जेवताना सहज म्हणायचात, "तिला हात लावू देऊ नका." आणि पुढे पुढे मलाच वाटायला लागलं की तो चाललाच नव्हता. मीच मनाशी रचलं असणार. बारा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बापाचं बोलणं खरं वाटतं. तेवढं एक वाक्य पुरलं.

धाकटा गेल्यावर मी पत्र्या उजेडात धरला. उरलेल्या तीन जिभांवर वाकवल्याच्या दोन-दोन रेघा होत्या. पत्रा एकदा उघडून मिटला की एक रेघ उठते, हे रोज करणाऱ्याला दिसतं. मी एकदाच उघडला होता. मी जिभा सरळ केल्या, पाठ वेगळी केली आणि चष्मा पुसून आत बघितलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं, तुमच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'मोटार ठीक. तारा ठीक. सेल गळाला, पट्टी खाल्ली.' खाली तारीख. त्या भाऊबीजेनंतर आठव्या दिवसाची.

नाना, आठव्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. मी तसाच गार झालेला चहा ओतून टाकला आणि टेबल पुसलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. मला सगळ्यात लागलं ते हे की तुम्ही तो दुरुस्त केला नाहीत. अर्ध्या तासाचं काम. तुमच्या दुकानात पितळी पट्टीचे तुकडे डबाभर पडलेले असायचे. पण पत्र्या चालला असता तर पुढच्या पाहुण्यानं विचारलं असतं, काय झालं होतं हो याला? आणि मग सांगावं लागलं असतं की सेल गळाला, आणि सेल आत कुणी ठेवला होता. म्हणून तुम्ही गळलेले सेल तेवढे काढलेत, पाठ मिटलीत आणि चांगलं खेळणं मुकं ठेवलंत. कुणा गिऱ्हाइकाचा बिघाड तुम्ही कधी लपवला नाहीत. घरातला लपवतानाही तुमच्यानं खोटं लिहवलं नाही. खरं लिहिलंत, जिथे कुणी वाचणार नाही तिथे. आणि त्यानंतरही जेवताना म्हणत राहिलात, तिला हात लावू देऊ नका.

पट्टी मी बसवली. पत्र्या चालला. धाकट्याला फोन केला.

"काय झालं हुतं गं त्याला?"

"सेल गळाला होता. पट्टी खाल्ली होती."

"म्हणजे तू न्हवतं मोडलं?"

"नाही."

"घ्या. आणि आम्ही उगंच तुला..." तो हसला. "जाऊ दे ताई. शिर्डीला येशील तेव्हा घेऊन ये, नातवंडांना दाखवू."

पेन्सिलीच्या ओळीचं मी त्याला सांगितलं नाही. तो रोज तुमच्या फोटोला हार घालतो. त्याचा हार काढून मला काय मिळणार होतं?

आता एवढंच राहिलं. दहावीनंतर नगरला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जायचा फॉर्म मी आणला होता. मी सगळ्यांना हे असं सांगत आले आहे की वडिलांनी पाठवलं नाही. नवऱ्याला सांगितलं, मुलींना सांगितलं, कचेरीतल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत कितीदा तरी सांगितलं. बी.ए. का केलंत असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. खरं असं आहे की मी तो फॉर्म भीत भीत दुकानात घेऊन आले आणि तुम्ही एका रेडिओत डोकं घालून बसला होता. तुम्ही वर न बघता हात पुसलात, सही केलीत आणि म्हणालात, "वेळेत दे नेऊन." बस. मी तो घरी आणून ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. शेवटची तारीख गेली. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. ज्या हातानं खेळणंसुद्धा नीट उघडत नाही तो हात तिथल्या मशीनला लावायचा कसा, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. आज वाटतं, ती सही म्हणजेच तुमचं सांगणं असेल. असेल. पण सहीनं मला काही कळलं नाही. तुम्ही वर बघून एवढं म्हणाला असतात की तो सेल होता, तर मी पायी नगरला गेले असते.

पत्र्याची पाठ बंद करण्याआधी तुमच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहिली. 'पट्टी नवी बसवली. चालतो.' तारीख घातली. फॉर्मचं तिथेही लिहिलं नाही. जागा होती.