सात मिनिटं पुढचं घड्याळ

रविवार, जेवणं उरकल्यावर

प्रिय कासवा,

ठण्ण्! एकच टोला, आणि त्यामागून थरथरत लांबवर जाणारा नाद. आज सकाळपासून तोच कानात घुमतो आहे. आमच्या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला रुळाचा एक तुकडा आणि तो बडवायला लोखंडी दांडा. शेवटचा टोला पडला की फाटक बंद. मग हेडमास्तरांचा मुलगा का असेना, बाहेर म्हणजे बाहेर. एकदा मी धापा टाकत वळणावर पोचलो तेव्हा शिपायाचा दांडा वर गेलेला होता. त्यानं मला पाहिलं आणि हात तसाच वर धरून ठेवला. मी फाटकातून आत शिरलो आणि मगच टोला पडला. वर कान पिळून म्हणाला, "खांदा भरून आला ना माझा, गाढवा!" या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली.

साठ हा आकडा वाचून दचकलास ना? आपल्या खेळाच्या मंडळातली सगळी पोरं मला कॉलेजात शिकणारा कुणी समजतात आणि मीही कधी त्यांचा समज मोडला नाही. तर आता ऐक. तुमचा 'खडू' एकाहत्तर वर्षांचा निवृत्त भाषाशिक्षक आहे. नातीनं हॉस्टेलला जाताना तिचा जुना संगणक माझ्या गळ्यात घातला, आणि तुम्हां पोरांचं ते किल्ला राखायचं खेळणंही. खेळ काही मला जमला नाही. माझा गडी दर वेळी स्वतःच्याच खंदकात पडायचा. पण तुमच्या गप्पांच्या दालनात बसायला आवडू लागलं. सामन्याच्या वेळेवरून रोज भांडणं. मी आलो होतो, तू नव्हतास, तुझ्या संघाचे तिघेच होते. वर्गात हजेरी झाली नाही की असाच गोंगाट होतो. मग नातीच्या वह्या उघडल्या, चुकत-माकत शिकलो आणि आठ महिन्यांत एक 'बॉट', म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारा प्रोग्राम, उभा केला. त्याचं नाव 'शिपाई' का ठेवलं, ते आता तुला कळलं असेल.

काम त्याचं साधंच. सामना चारला असेल तर दोन्ही कप्तानांनी पावणेचारच्या आत त्याच्याकडे खासगीत हजेरी लावायची. तो वेळेसकट वहीत टिपतो. ती वही पाहून मी दालनात जाहीर करतो, माझ्या दोन ओळी जोडून:

*चार वाजता उघडेल दार, कप्तानांनो, व्हा तयार;*
*हजेरीवाचून राहील जो, न लढताच हरेल तो.*

पोरं हसायची. "खडू, पुन्हा तिसरीच्या पुस्तकात शिरलास!" तू एकटाच असा, की मी दोन ओळी टाकल्या की खाली चौथ्या मिनिटाला तुझ्या दोन यायच्या, मात्रांना चोख. तुझ्या पिढीतल्या पोराला हे कुठून सुचतं, याचं मला नेहमी नवल वाटे. किल्ल्याचा दरवाजा सोडून तू कधी पुढे धावला नाहीस. बाकीचे शौर्य गाजवायला जायचे आणि तू तिथेच उभा. गेल्या वर्षी त्या दरवाज्यानंच तुमच्या 'तटबंदी' संघाला कप मिळवून दिला. तो मीच कागदात गुंडाळून पाठवला होता, त्यावेळी घेतलेला तुझा पत्ता शिपायाच्या वहीत आहे. दालनातून तू निघून गेलास, तरी म्हणूनच हे पत्र लिहिता येतं आहे.

आमच्या घरात एक रीत आहे. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लावलं ते तसंच, कारण शिक्षक घंटेच्या नंतर पोचला तर पोरांनी का म्हणून आधी यावं? घरातला प्रत्येकजण मनातल्या मनात सात वजा करतो. मुलगी वजाबाकी शिकली ती त्या घड्याळावर. आमची ही तर म्हणते, "आपल्याकडे म्हातारपणसुद्धा सात मिनिटं आधी आलं." शाळा सुटली तरी मास्तरांची हजेरी सुटत नाही, हा तिचा दुसरा टोमणा. तो शिपायासाठी.

उपांत्य सामन्याच्या त्या रविवारी सकाळी वीज गेली होती. परत आल्यावर संगणक चालू केला तर त्याची वेळ पुसली गेली होती. आतली चिमुकली बॅटरी मेलेली. दुरुस्तीवाल्यानं महिन्यापूर्वीच बजावलं होतं, "आजोबा, ही बदला, नाहीतर एक दिवस तोंडघशी पाडेल." वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय त्या यंत्रात कधीचीच बिघडलेली. त्यानं वेळ विचारली. मी मान वर केली, भिंतीवर पाहिलं आणि भरली. पन्नास वर्षं न चुकता केलेली वजाबाकी नेमकी त्या दिवशी राहिली. तेव्हा मी 'वीज' आणि 'तटबंदी' या दोन्ही संघांवर दोन ओळी जुळवत होतो रे. वीज चमकते, तट उभा राहतो, असं काहीतरी. त्याच नादात होतो.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू तीन एकेचाळीसला हजेरी लावलीस. शिपायानं लिहिलं तीन अठ्ठेचाळीस. 'वीज'चा कप्तान तासभर आधीच लावून बसला होता, त्याला काय फरक पडणार! तू दालनात आपल्या फोनचा फोटो टाकलास, त्यात तीन एकेचाळीस स्पष्ट दिसत होते. तर दालनातली पोरं म्हणाली, "फोटोतला आकडा कुणीही बदलेल." एकजण म्हणाला, "कासवाचं घड्याळही कासवच!" त्यावर किती जण हसले! मंडळ चालवणाऱ्या ताईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "खडू, वहीत काय आहे?" मी लिहिलं, तीन अठ्ठेचाळीस. पुढे हेही लिहिलं, की शिपाई खोटं बोलत नाही. ते वाक्य मी आजवर शंभरदा मनात खोडलं आहे. 'तटबंदी' न लढताच हरली. तुझ्याच संघातल्या तिघांनी तुला कप्तानपदावरून काढलं. तू कुणाला उलट बोलला नाहीस. एवढंच लिहिलंस, "मी आयुष्यात एकदाही खोटी वेळ सांगितलेली नाही." आणि गेलास.

ईश्वराला स्मरून सांगतो, त्या रविवारी मला हे ठाऊक नव्हतं. मंगळवारी कळलं. हिनं रेडिओ लावला, बातम्यांची वेळ झाली, आणि शिपायाची वही सात मिनिटं पुढे धावत होती. मग मी यंत्राची वेळ नीट केली, बॅटरी बदलून आणली, आणि कुणाला काही म्हणालो नाही. आज बारा दिवस झाले. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. रोज कुणीतरी दालनात "खडू, तुझ्याशिवाय लीग चालायची नाही" असं काहीतरी लिहितं आणि मी ते उद्यावर ढकलतो. ताईंचा नियम कडक आहे: वहीत चूक झाली की वही काढून घ्यायची आणि बाहेरचा तयार बॉट आणायचा. मग मी काय करू? सकाळी उठून कुणाची हजेरी घेऊ? पण हे तुला सांगून काय उपयोग. माझी वही जाऊ नये म्हणून तू खोटारडाच राहिलास, ही खरी वजाबाकी.

आता शेवटचं, आणि खरं. आज चार वाजता अंतिम सामना आहे, 'वीज' आणि दुसऱ्या गटातला संघ. तो एकदा झाला की उपांत्य सामना पुन्हा खेळवता येत नाही, तसा नियमच आहे. हे पत्र मी आज टपालात टाकणार. ते तुझ्या हाती पडेल बुधवारी. बुधवार मी मुद्दाम निवडला, कासवा. कबुलीही दिली असं होईल आणि काही बदलणारही नाही, असा हिशेब करून मी पेन उचललं. उशीर होऊ नये म्हणून जन्मभर घड्याळ पुढे ठेवणारा माणूस आज जाणूनबुजून उशिरा पोचण्याची व्यवस्था करतो आहे. लिहायला बसलो तेव्हा हे स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तुझ्यापुढे अजून सगळं आयुष्य पडलं आहे. जमलं तर या म्हाताऱ्याला क्षमा कर.

तुझाच,
खडू

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच खिडकीतून खाली नजर गेली, म्हणून कागद पुन्हा उघडला. आमच्याच जिन्यावरून कुणीतरी वर येतं आहे. पांढरे शुभ्र केस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठेच असतील. एका हातात काठी. एक पायरी चढतात, थांबतात, श्वास घेतात, मग दुसरी. काखेत एक खोकं आहे. त्यावरचा कागद मी ओळखला. पत्ता माझ्या अक्षरात आहे, पाठवणाऱ्याचा पत्ताही. कप परत करायला आला आहात. आणि मी सबंध पत्रभर तुम्हाला अरे-तुरे करत बसलो!

ही आतून विचारते आहे, "अहो, कोण ते चढताहेत? खुर्ची तरी बाहेर काढा!" भिंतीवर तीन पस्तीस. म्हणजे तीन अठ्ठावीस. तुम्ही पहिल्या मजल्यावर टेकला आहात तेवढ्यात मी शिपायाला थांबवलं आहे. आज टोला पडणार नाही. दालनात लिहिलं: "सामना थांबवा. त्या दिवशी शिपायाचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. चूक माझी. बारा दिवस लपवली तीही मीच. कासव खरं बोलत होते." पहिल्यांदाच यमकावाचून जाहीर केलं. खाली ताईंचं उत्तर उमटतं आहे, पण ते मी वाचलेलं नाही.

काठीचा आवाज आता दारापाशी थांबला आहे. हे पत्र टपालात पडणार नाही, हातात द्यावं लागणार.

कडी वाजली.