जंबेरीचा खुंट

आर्णी,
२१ जानेवारी २०२५

प्रिय बा,

प्रभूच्या नावाने सलाम. मी ठीक आहे. याडीला सांगा, तिची लेक वेळेवर जेवते. तिचं बीपी रोज सकाळी चहाआधी मोजा आणि लिहून ठेवा. नर्सरीत या आठवड्यात जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे नऊशे डोळे भरून कलमं झाली.

पत्र अशासाठी की फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही प्रार्थना सुरू करता.

येत्या रविवारी महागावच्या मेळाव्यात तुम्ही कलमाचा संदेश पुन्हा देणार आहात, असं धाकट्या ममताने सांगितलं. तो देऊ नका.

मागच्या रविवारी तांड्यावरच्या चर्चमध्ये तुम्ही म्हणालात, "यहुदी म्हंजे जंबेरीचा खुंट. आंबट! देवानं त्याले छाटून फेकलं, आन् आपला गोड डोळा भरला." सगळे हसले. धावजीकाका ओरडले, "आमेन, पास्टर! आपन नागपुरी संत्रं!"

माझ्या शेजारी सिम्हा नवगावकर बसली होती. रोपं तपासायला ठाण्याहून आलेली माझी सहकारी. ती यहुदी आहे.

तुम्हाला ते माहीत नव्हतं. यहुदी म्हणजे परदेशातलं कोणीतरी, असं तुम्ही धरून चालता. हिचं आडनाव कोकणातलं, बोलणं मराठी. जेवताना तुम्ही स्वतः वाढत होतात.

"घे ना बेटी, लाजतं कायले?"

"मटण नको काका, वरणभात द्या."

"उपास हाय का तुले?"

"तसंच समजा." तिच्या धर्माच्या रीतीने कापलेलं नसलं तर ती मटण खात नाही.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "कोकणात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. आम्हाला छाटून टाकलंय, हे आज कळलं." मी गिअर बदलला. 

आता चूक सांगते. कलमात खुंटाचा फक्त शेंडा छाटतात, मूळ ठेवतात. मूळ उपटलं तर डोळा चार दिवसांत वाळतो. शिवाय बायबलात प्रेषित पौलाने लिहिलंय ते याच्या उलट आहे. लागवडीचं झाड यहुद्यांचं, त्यावर कलम केलेली रानटी फांदी आपण. फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये, हेही तिथेच आहे. तुम्ही तो अध्याय मला लहानपणी पाठ करायला लावला होता.

पण चूक तुमची एकट्याची नाही. तुम्ही उदाहरण मागितलंत तेव्हा खुंटाचं मीच दिलं. 'आंबट' हा शब्दही माझाच. सिम्हा येणार हे नंतर ठरलं, तरी मी तुम्हाला थांबवलं नाही. ती कोण हेही सांगितलं नाही. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कराल आणि मला लाज वाटेल, म्हणून. आणि धावजीकाका ओरडले तेव्हा, बा, मीही हसले. तिने पाहिलं.

सोमवारी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याशी बोललीस. त्या लोकांशी कोण बोलणार?"

रविवारी मी महागावला येते आहे. आपल्या तांड्यावरचेही सगळे तिथे असतील. पुढच्या सतरंजीवर बसेन. तुम्ही तोच संदेश दिलात तर उभी राहीन आणि हे सगळं, माझ्या हसण्यासकट, सांगेन. भर मेळाव्यात बापाला अडवणारी पोरगी म्हणतील. म्हणू द्या. तुम्हीच आधी ही चूक लोकांना सांगितलीत, तर मला बसून राहता येईल.

मला बसून राहायचंय, बा.

तुमच्याइतकीच चुकलेली,
अंजू