कुसळं धरलेलं गवत

टेंभुर्णी, कार्तिक शुद्ध पंचमी, सन १३४९ फसली

आज चंद्री गाईच्या जिभेखालून मी मूठभर कुसळं उपटली. सुईसारखी रुतलेली, टोकाला रक्त.

काल सकाळपासून गाय गव्हाणीला तोंड लावत नव्हती. मी तिलाच शिव्या दिल्या. नवी गंजी फोडली, एवढं गवत पुढ्यात टाकलं, आणि ही तोंड फिरवते? लाडावली, म्हटलं. शेवटी वहिनीनं तिचा जबडा उघडून धरला आणि मी आत बघितलं. बाप रे!

पोळ्याच्या सुमाराला हीच वहिनी म्हणाल्ती, "भाऊजी, कुरणात तुरे निघालेत. कवळं हाय तवर कापून घ्या, गुरं आवडीनं खातील."

मी म्हटलं, "दसऱ्याला विळा पुजल्याबिगर कुरणाला हात लावायचा न्हाई. आपल्या घरचा रिवाज हाय."

कुसळं. तोंडात, हिरड्यांत, कुठं कुठं!

दरसाल तर सगळं बराबर जमतं. मंग औंदाच असं का? संध्याकाळी वहिनीलाच विचारलं. ती गाईचं तोंड कोमट पाण्यानं धूत होती. वर न बघता म्हणाली, "औंदा धोंड्याचा महिना आल्ता, भाऊजी. दसरा लांबला. पण गवताला थांब म्हणून कोण सांगणार व्हतं?"

मी गव्हाणीतलं गवत उपसून बाहेर टाकलं.

चंद्री भुकेनं हंबरून राह्यली. आणि अंगणात छपराएवढी गंजी उभी आहे.